दुधाची आत्या

माझ्या नणंदेचं, कुन्सुलूताईचं, सिझर मंगळवारी सकाळी झालं. पस्तिसावा आठवडा चालू होता. सोमवारी दुपारी भांडी घासता घासता ती म्हणाली, "शोल्पान, मला दोन-दोन नळ दिसतायत." मी तिचे मोजे काढले, तर घोट्याच्या जागी नुसतं फुगलेलं मांस. दवाखान्यात दाब मोजला, एकशे सत्तर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता थांबता येणार नाही. थांबलं तर आई आणि बाळ, दोघांपैकी कोणाचीच खात्री नाही.

आई असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण बाळ ताईचं नव्हतं. ते गाउहार आणि तिच्या नवऱ्याचं होतं, ताईच्या पोटात फक्त वाढायला ठेवलेलं. घटस्फोटानंतर ताईला तराझमध्ये दोन खोल्या घ्यायच्या होत्या, आपल्यासाठी आणि सहा वर्षांच्या आयझेरेसाठी. म्हणून लेकीला आजीकडे सोडून ती अल्माटीला आमच्याकडे आली. तिच्या धाकट्या भावाची मी बायको. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ताईने त्यातलं एक कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं: जन्मल्यावर बाळ तिला दाखवायचं नाही, तिने पाजायचं नाही. "बरंय की," ती म्हणाली होती, "जागरणं वाचली." आणि आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा माझा एल्दोससुद्धा पोटात होता. आमची पोटं एकमेकींना लागून स्वयंपाकघरात कोंडी व्हायची.

बाळ मुलगा होता. एकोणीसशे ग्रॅम. त्याला तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं आणि ताईला पहिल्या मजल्यावर, गर्भाशयाच्या गाठी काढलेल्या बायकांच्या खोलीत. बाळंतिणींच्या खोलीत तिला ठेवलं नाही, तिथं बाळं रडतात म्हणून.

दूध आटवायची एक गोळी असते. दुसऱ्यासाठी मूल वाढवणाऱ्या बायांना ती पहिल्याच दिवशी देतात. ताईला मात्र ती दिली नाही. इतका रक्तदाब असताना ती गोळी धोक्याची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छाती घट्ट बांधा, कोबीची गार पानं ठेवा, दूध आपोआप जाईल. मी बाजारातून कोबी आणला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "घरी पानांत खिमा गुंडाळून सरमा करणार वाटतं?" ताईने हो म्हणून सांगितलं.

गुरुवारी गाउहारने मला जिन्यात गाठलं. ती एक्केचाळीस वर्षांची, स्वतःचं औषधाचं दुकान असलेली. सहा वेळा राहिलेलं सहाही वेळा गेलं होतं. अंगात महागाचा कोट, पण बटणं वरखाली लागलेली. बाळाला डब्याचं दूध सोसत नव्हतं, पोट फुगत होतं. आईचं दूध मिळालं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही निरोगी बाईचं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. कागदावर आई तीच होती आणि तिला दूध नव्हतं.

"तू अंगावर पाजतेस ना?" तिने विचारलं. "तुझ्या रक्ताच्या तपासण्या मी आजच करून घेते. दिवसाला चार बाटल्या. तू म्हणशील ते देईन."

"ताई खालीच आहे की," मी म्हणाले. "तिला येतंय दूध."

गाउहारने कठडा धरला. "तिने त्याला आठ महिने वाढवलं. आता पाजलंही तिनेच, तर माझ्यासाठी उरलं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू परकी आहेस, शोल्पान. तू पाजलंस तर मला चालेल."

आमच्यात दूध पाजणारी परकी राहत नाही. जिच्या अंगचं दूध मूल प्यायलं ती त्याची दूधआई, तिची मुलं त्याची भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही, आणि दूधआईच्या नवऱ्याची माणसं मुलाची नातेवाईक होतात. गाउहारला हे ठाऊक होतं. फक्त मी कोणाची भावजय आहे, तिथपर्यंत त्या घटकेला तिचा विचार गेला नव्हता. माझाही नव्हता गेला. माझ्या डोळ्यांसमोर ते फुगलेलं पोट होतं, आणि घरी माझा एल्दोस दूध पिऊन ढेकर देत होता.

मी ताईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुझं चार महिन्यांचं दूध," ती म्हणाली. "त्याला चीक लागतो. चिकाला मुकलेलं पोर जन्मभर किरकिरं राहतं. हे तुला मी सांगायचं?"

"मग काय करू?"

तिने खाटेखालून चहाचा पेला काढला. वर बशी झाकलेली होती. तळाला दोन बोटं दूध, लोण्यासारखं पिवळं आणि घट्ट.

"सकाळपासून हा तिसरा," ती म्हणाली. "दोन मी बेसिनमध्ये ओतले. ओतताना हात कापत नाही माझा, हे लक्षात ठेव. पण त्याचं पोट फुगलंय म्हणतेस."

ताईच्या सगळ्या तपासण्या गरोदरपणात दर महिन्याला झालेल्या होत्या, माझ्यापेक्षा जास्तच. दाबाची गोळीही पाजणाऱ्या बाईला चालणारी होती. तेवढं मी खालच्या डॉक्टरीणबाईंना, सहज विचारतेय असं दाखवून, विचारून घेतलं. मग परिचारिकांकडून मागून आणलेल्या उकळलेल्या बाटलीत ते ओतलं, वर माझ्या नावाची पट्टी लावली आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिलं.

तिथली बगिला नावाची परिचारिका तीस वर्षं तेच काम करत होती. तिने बाटली उजेडात धरली. "चार महिन्यांचं म्हणतेस?"

"हो."

"गवत बरं चरतेस गं." तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "पट्टी सुटतेय. नीट दाबून लाव." आणि ती बाटली घेऊन आत गेली.

चार-पाच दिवसांत ताईचं दूध पांढरं झालं आणि ओळखू येणं संपलं. तरी मी तिचंच नेत राहिले. सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं. मग घरून बाटल्या जायला लागल्या, बर्फाच्या पिशवीत, बस बदलून. बाळाचं वजन रोज पंचवीस-तीस ग्रॅमने वाढत होतं. ताई तीन-तीन तासांनी उठून दूध काढायची, वेळ वहीत लिहायची, वेळेवर जेवायची, गोळ्या घ्यायची. मी आले की विचारायची, "किती?" मी आकडा सांगायची. बाकी काही ती विचारायची नाही. मला वाटलं, बरं चाललंय. आता वाटतं, तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण कुठल्या दिवशी, हे अजूनही मला सांगता येणार नाही. प्रत्येक दिवशी त्याचं वजन वाढलेलंच होतं.

सोळाव्या दिवशी बाळ घरी गेलं. दवाखान्याच्या पुढच्या दारात फुगे, गुलाब, छायाचित्रकार. गाउहारने पाच महिने सासूपुढे पोटाला उशी बांधली होती, दर महिन्याला जरा मोठी. त्या सासूबाई, नाझिपा आजी, किझिलोर्दाहून आल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोळ्या-चॉकलेटं वाटत होत्या. मी शेवटची बाटली देऊन मागच्या दाराने निघाले. घरी येऊन ताईला सांगितलं, "गेला. सव्वादोन किलो."

"बरं," ताई म्हणाली आणि उठून दूध काढायला बसली.

तिने ते थांबवलंच नाही. आमचा फ्रीज लहान. त्यात मांसाच्या शेजारी बाटल्या रचल्या जायला लागल्या. माझा नवरा एर्बोल म्हणाला, "ताई, हे कोणासाठी?" ती म्हणाली, "छाती दुखते म्हणून काढते." मग छातीत गाठ धरली, ताप आला, टाक्यांच्या एका टोकाला पू झाला. केस उशीवर झुबक्यांनी दिसायला लागले. दाबाच्या गोळ्या संपल्या, त्या तिने आणल्या नाहीत. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणायची, "ते विचारणार, बाळ कुठाय. काय सांगू? विसरले बसमध्ये?"

एल्दोस झाला तेव्हा आरोग्य केंद्रातली बाई चारदा घरी आली होती. त्याची नाळ बघायला, माझा दाब मोजायला. या वेळी ती बाई गाउहारच्या घरी जात असणार. जिकडे बाळ तिकडे ती जाते. ताईच्या वाट्याला करार करून देणाऱ्या एजन्सीचा एक फोन आला. फोनवरची मुलगी कागदावरून वाचत होती: "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला हसू येत होतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी?"

"नेहमी," ताई म्हणाली.

"झोप लागते का?"

"नेहमी."

"स्वतःला इजा करावीशी वाटते का?"

ताई म्हणाली, "पुढचा प्रश्न विचार."

मुलगी म्हणाली, "अभिनंदन ताई, तुमची तब्येत छान स्थिर आहे." आणि पैशांचा शेवटचा हप्ता जमा झाला.

एका दुपारी ती खिडकीपाशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तो नकोय, शोल्पान. देवाशपथ नकोय. मला माझी पोर आहे. फक्त एकदा बघायचाय. पोटातून काय निघालं ते बाईने बघायला नको का? मला वाटतं की तो नाहीच. तुम्ही सगळे मिळून मला सांगता, आणि मी दूध काढते."

तेव्हा मी घाबरले. आयझेरेशी ती फोनवरसुद्धा बोलत नव्हती. पोर आजीच्या फोनवरून "आई, आई" करायची आणि ताई फोन माझ्या हातात द्यायची. ही बाई तराझला परत जाईल की नाही, गेली तर कशी जाईल, हे मला कळत नव्हतं. बघून बरी होईल, की बघितल्यावर कायमची तिथंच अडकेल, तेही नाही.

आणि मग नाझिपा आजींचा फोन आला. नंबर त्यांनी बगिलाकडून मिळवला होता.

"तूच ना गं आमच्या नातवाला दूध देणारी? मुलगा आहे, म्हणून सदतिसाव्या दिवशीच चाळिसाव्याची अंघोळ उरकतोय. बुधवारी ये. दूधआई नाही आली तर चाळीस चमचे पाण्यातला पहिला चमचा टाकायचा कोणी? आणि एकटी येशील तर दारातून परत पाठवीन. घरातली सगळी माणसं आण. घरात कोण कोण असतं?"

"नवरा, मुलगा," मी म्हणाले. ताई समोर बसून ऐकत होती. "आणि नणंद."

"नणंद म्हणजे त्याची आत्या! तिला आधी आण."

पाठीमागे गाउहारचा आवाज आला, "आई, जरा फोन द्या." पण म्हातारीने फोन ठेवलाही होता.

एर्बोल म्हणाला, "अजिबात जायचं नाही. तिथं ही रडायला लागली तर? त्या म्हातारीला कळलं तर?"

"तू टायरच्या दुकानात जा," ताई म्हणाली. तिने त्या दिवशी केस धुतले.

गाउहारचं घर नवव्या मजल्यावर. दार उघडल्यावर ती ताईकडे बघून तिथंच उभी राहिली. ताईने मान लववून नमस्कार केला, घरच्या पाहुणीसारखा. आतून नाझिपा आजी ओरडल्या, "दारात काय उभं करतेस? वारं येतंय पोराला!"

आत आठ-दहा बायका, टेबलावर तळलेल्या पिठाचे बोरसक, वाफाळणारा चहा, शिजलेल्या मेंढीचा वास. मधोमध टब. त्यात कोमट पाणी, तळाला चांदीची नाणी आणि अंगठ्या. आजींनी मुलाला उघडं केलं. लालसर, गुटगुटीत, मूठ तोंडात.

पहिला चमचा मी टाकला. दर चमच्याला म्हणायचं असतं, मणके घट्ट होवोत, बरगड्या भरोत. मी म्हटलं. मग चमचा एकीकडून दुसरीकडे फिरत गेला आणि आजींनी तो ताईच्या हातात दिला. "चल आत्याबाई. लाजतेस काय?"

ताई टबापाशी वाकू शकत नव्हती, म्हणून गुडघ्यांवर बसली. तिने त्याला नीट पाहिलं. कपाळ, मग कान, मग पायाची बोटं. खूप वेळ. गाउहारने मुलाच्या मानेखाली धरलेला हात मी पाहिला, बोटांची पेरं पांढरी झाली होती.

"हा कोणावर गेलाय?" ताईने विचारलं.

"माझ्या म्हाताऱ्यावर!" आजी म्हणाल्या. "हे कान बघ. पिशवीचे बंद. आमच्या घरात सगळ्यांचे असेच."

"खरंच," ताई म्हणाली. "आमच्याकडे असे कान नाहीत कोणाचे."

तिने चमचा ओतला आणि जे म्हणायचं ते म्हटलं. पाणी पोटावर पडल्याबरोबर पोरगं दचकलं आणि रडायला लागलं. ताईने शाल छातीवर ओढून घेतली. का ओढली ते मला कळलं. गाउहारलाही कळलं, तिने मान फिरवली.

मी चहाचे पेले घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग आली आणि दार लावलं.

"पिवळं होतं ते," ती म्हणाली. "पहिल्या चार दिवसांचं. मी औषधं विकते शोल्पान, मला चार महिन्यांचं दूध दाखवतेस?"

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्याचं पोट उतरलं होतं. काय बोलू?" तिने पेले माझ्याकडून घेतले, खाली ठेवले. "ती सांगेल का आईंना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलाला कपडे घालून झाले होते, आणि नाझिपा आजींनी तो ताईच्या मांडीवर दिला होता. अवघडून नव्हे, अगदी जमल्यासारखा तो तिथं झोपला होता. आजी बोलत होत्या, "दुधाचं नातं रक्ताच्या वर. दर वाढदिवसाला यायचं. सुंतेला यायचं, लग्नात तुला मानाचं जेवण. काय?"

गाउहार जागच्या जागी थांबली. एका वाक्याचं काम होतं. ताईने ते वाक्य म्हटलं असतं, तर त्या घरातलं सगळं उलटंपालटं झालं असतं. आणि तिला अडवणारं कोणी नव्हतं. करार कपाटात, आणि मूल तिच्या मांडीवर.

ताईने मुलाच्या टोपीची नाडी सैल केली.

"आजी, मला नाही जमायचं," ती म्हणाली. "माझी पोरगी तराझला आहे. सहा वर्षांची. मी चालले तिच्याकडे."

"मग तिला घेऊन ये! तीही बहीणच लागते याची."

"लागते," ताई म्हणाली. "पण लांब आहे. नाही व्हायचं येणं."

"वर्षातून एकदाही नाही?"

"नाही."

आजी रागावल्या. "आजकालच्या मुली. नातं आपण होऊन चालत आलं, तर ह्यांना लांब पडतं."

ताईने मुलाला उचलून गाउहारकडे धरलं. गाउहार जरा उशिराच पुढे आली. देताना दोघींचे हात एकमेकींत अडकले, कोणाचा आधी सोडवायचा ते कळेना. मग ताईनेच आपला काढला.

दाराजवळच्या अरुंद जागेत आम्ही कोट घातले. माझ्या कडेवर एल्दोस पेंगलेला. घरी ताईच्या बुटांची चेन मी लावून द्यायची. इथं माझे हात मोकळे नव्हते. ताईने पाय बुटात घातले आणि भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. आतल्या बायका हसत होत्या. गाउहार मूल सासूकडे देऊन बाहेर आली, मधलं दार ओढून घेतलं आणि ताईच्या पायाशी उकिडवी बसली. एक चेन वर गेली. दुसरी घोट्याशी अडकली.

"अजून सूज येते?" तिने खालूनच विचारलं.

"संध्याकाळी."

"डोकं दुखतं?"

"असतं थोडं."

"दाबाची गोळी?"

"दहा-बारा दिवस नाही घेतली."

गाउहारने वर पाहिलं. पहिल्यांदाच तिने ताईच्या तोंडाकडे सरळ पाहिलं असावं. "तुला झटका येऊ शकतो. बाळंतपणानंतरही येतो. कोणी सांगितलं नाही तुला?"

"कोण सांगणार?"

"आज घे. उद्या नाही, आज. थांब, मी दुकानातून पाठवते, रोज—"

"नको पाठवू," ताई म्हणाली. "चिठ्ठी दे. माझी मी आणते."

गाउहारने खुंटीवरच्या आपल्या कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि कागद सापडेना म्हणून दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे गुडघ्यावर धरून लिहिलं. नाव, किती, किती वाजता. ताईने ते वाचलं, घडी केली. गाउहारने बूट दोन्ही हातांनी आवळला आणि चेन जोरात ओढली. ती वर गेली.

ताईने पाय जमिनीवर एकदा आपटून बघितला आणि दाराची कडी काढली.